भिंत आधी वाळू द्यावी : आमची वाटचाल

२००५ च्या महापुरानंतर सांगलीच्या गावभागात दुरुस्तीला गवंडी मिळेनासे झाले होते. त्या दिवसांत मी, माझा धाकटा भाऊ आणि दोन गवंडी अशा चौघांनी गिलाव्याची (प्लास्टरची) आणि रंगाची किरकोळ कामे घ्यायला सुरुवात केली. जुन्या बंगल्यांचे नूतनीकरण हाच आपला व्यवसाय होईल, असे तेव्हा मनातही नव्हते.

या कामाचा पहिला धडा आम्हाला आमच्याच चुकीने दिला. निवृत्त शिक्षिका असलेल्या एका काकूंच्या बंगल्यात, पुरात भिजलेल्या भिंतींचे पोपडे काढून आम्ही चार फुटांपर्यंत सिमेंटचा घट्ट गिलावा केला. काम दिसायला चोख होते आणि पैसेही वेळेवर मिळाले. दोन पावसाळ्यांनंतर काकूंनी बोलावून घेतले, तेव्हा ओल आमच्या गिलाव्याच्या वर, खिडकीच्या उंबऱ्यापर्यंत चढली होती. भिंतीवर लोणा, म्हणजे पांढरा क्षार, फुलला होता. एका ठिकाणी थापीच्या टोकाने उचकटून पाहिले, तर गिलाव्याचा पापुद्रा विटेचा पुढचा थर सोबत घेऊनच सुटून आला आणि मागची वीट बोटाने खरवडता येईल इतकी मऊ झालेली होती.

शेजारच्या कामावरच्या एका वयस्कर गवंड्याने ती भिंत हाताने चाचपली आणि एवढेच सांगितले, "मालक, ओल आत कोंडली की ती वरच चढणार." चुन्यात बांधलेल्या जुन्या विटांच्या भिंतीला जोत्याशी ओलीला अडवणारा थर बहुधा नसतो, त्यामुळे जमिनीतले पाणी भिंतीत चढतच असते. चुन्याचा गिलावा त्या पाण्याला वाफ होऊन बाहेर पडू देतो, सिमेंटचा गिलावा त्याला आत अडवून ठेवतो. ते सगळे काम आम्ही स्वखर्चाने उतरवले, कळीचा चुना विरवून मुरत ठेवला, त्यात वाळू आणि सुरखी, म्हणजे विटांची पूड, मिसळली आणि भिंत पुन्हा केली. त्या वर्षी हाती काही उरले नाही, पण पुढची बहुतेक कामे काकूंच्या शब्दावरच आली.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे, यावरून घराघरांत काय झाले असेल याची कल्पना यावी. पाणी ओसरताच प्रत्येकाला दिवाळीच्या आत रंग हवा होता आणि आम्ही मात्र भिंती वाळल्याखेरीज रंगाला हात लावायला नकार देत होतो, म्हणून काही कामे हातची गेली. त्याचे आम्हाला दुःख नाही. ज्यांनी धीर धरला, त्यांच्या भिंती २०२१ च्या पुरानंतर नुसत्या धुऊन, वाळवून, जागोजागी चुना भरून पुन्हा वापरात आल्या.

विजेच्या कामाची पद्धतही या पुरांनीच बदलली. जुन्या बंगल्यांत अजून लाकडी पट्ट्यांखालची वायरिंग आणि चिनी मातीचे कट-आउट (जुने फ्यूज) सापडतात, अर्थिंग बहुधा नसतेच. आता आम्ही मुख्य बोर्ड मागच्या पुराच्या खुणेच्या वर घेतो आणि तळमजल्याची व माडीची एमसीबी (बिघाड झाल्यास वीज आपोआप तोडणारे बटण) वेगळी ठेवतो, म्हणजे खाली पाणी असले तरी तळमजल्याची लाइन तोडून ठेवता येते.

माडीवर, लाकडी तुळयांच्या जमिनीवर संडास-न्हाणीघर हवे, ही मागणी मात्र आम्ही स्वीकारत नाही. पाझरणारे पाणी तुळईच्या भिंतीत गेलेल्या टोकाशी मुरते आणि ती आतून कुजते, तरी वर्षानुवर्षे कोणाला कळत नाही. त्याऐवजी बंगल्याच्या मागच्या अंगाला स्वतंत्र खांबांवर नवा भाग उभारतो आणि जुन्या-नव्या बांधकामात सांधा मोकळा ठेवतो, कारण आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि दोन्ही भाग सारखे बसत नाहीत.

कामाचा अंदाज आम्ही दोन टप्प्यांत देतो. पहिला वरवर पाहून, दुसरा छताची कौले आणि गिलावा थोडा उघडून. सध्या सांगलीच्या विश्रामबाग भागातल्या एका बंगल्याचे काम सुरू आहे. तिथली सागवानी जिन्याची कठड्याची पट्टी त्या घरच्या आजोबांनी काढू नका म्हणून सांगितले आहे, म्हणून सुताराने ती जागेवरच ठेवून खालच्या दोन किडलेल्या पायऱ्या तेवढ्या बदलल्या आहेत.