ओसाडी

चतुर्थीच्या दोन दिवस आधी गावच्या घरी पोचलो, तर दारापर्यंत जायलाच वाट नव्हती. मे महिन्यात याच खळ्यात, म्हणजे दारापुढच्या अंगणात, आंब्याची साटं वाळत घातली होती. आता तिथे गुडघाभर रान. टाकळा होता, लाजाळू होती, गडग्याच्या कडेने तेरडा फुलला होता. पण राज्य होतं ते एकाच झाडाचं. लवदार पानं, करवतीसारखी कातरलेली कड, शेंड्याला फिकट जांभळ्या गोंड्यांचे झुबके. एकेक गोंडा शर्टाच्या गुंडीएवढाही नाही. दिसायला गरीब, पण उपटलं की हाताला असा वास चिकटतो की पहिल्या धुण्यात जात नाही.

शेजारची काकी पडवीत बसून माझी बेणणी बघत होती. "तेरडो नको काढू हां, गौरीक लागतलो," एवढीच तिची सूचना. बाकीचं सगळं गेलं तरी चालणार होतं.

"काकी, ह्याचा नाव काय गे?" मी एक जुडी उंच धरून विचारलं.

"रान ता. रानाक नाव कशाक होया?"

बरोबरच होतं तिचं. आमच्याकडे डोंगरावरचं जंगलही रान आणि दारातलं गवतही रान. गुरं रानात जातात, आणि आपण मुंबईला गेलो की रान खळ्यात येतं. शेतात त्यालाच तण म्हणतात, कारण तिथे 'तण खाई धन' हा हिशेब असतो. खळ्यात खायला धन कुठलं? तिथे ते नुसतं रान.

मला मात्र नावाशिवाय चैन पडेना. नंतर एका वनस्पतींच्या पुस्तकात ते झाड सापडलं आणि मराठी नाव वाचून मी जरा वरमलो. ओसाडी. कुठे कुठे घाणेरा ओसाडी. म्हणजे वासाचाही उल्लेख झाला, आणि घराचाही.

तणांची आपली नावं बहुतेक झाडाकडे बघून पडलेली असतात. स्पर्श केला की मिटते ती लाजाळू. एका लांब दांडीवर एकच फूल ती एकदांडी. रानमोडीचं नाव तर सरळ आरोपच आहे: ही रान मोडते. पण ओसाडी हे नाव ठेवणाऱ्याने झाडाकडे पाहिलंच नाही, त्याच्या मागच्या बंद दाराकडे पाहिलं. लाजाळू म्हटलं की झाडाने लाजायचं. ओसाडी म्हटलं की घरमालकाने.

शास्त्रीय नाव याच्या अगदी उलट निघालं. एजेरेटम कोनिझॉयडीस. कार्ल लिनियसने १७५३ साली ठेवलेलं. झाड मूळचं अमेरिकेच्या उष्ण भागातलं, म्हणजे आपल्या मिरची, काजूच्या माहेरचं. ग्रीक भाषेत 'गेरास' म्हणजे म्हातारपण. त्याला आधी 'अ' लावला की म्हातारपण नसलेलं. हे वाचताना कानाला काहीतरी ओळखीचं वाटत होतं, आणि मग उमगलं की संस्कृतातली 'जरा' ही त्याच कुळातली. म्हणजे एजेरेटमचं चोख मराठी भाषांतर करायचं तर अजर! याची फुलं बरेच दिवस रंग टिकवतात, म्हणून हे नाव. शेजारी उभ्या असलेल्या तेरड्याचा रंग तीन दिवस, आणि त्याला गौरीचा मान. हा रंग टिकवतो, तर त्याच्या नशिबी कोयती.

जिथे सत्तरीच्या आतलं माणूस दिसायला मे नाहीतर चतुर्थी यावी लागते, त्या वाडीत दारोदार अजर नावाचं झाड. यावर काकीला काही सांगण्याची माझी हिंमत झाली नाही.

याच कुळातलं एक भावंड बागेत शोभेसाठी लावतात, गडद निळ्या गोंड्यांचं. नर्सरीत पैसे मोजून मिळतं. १९७६ साली अमेरिकी शास्त्रज्ञांनी त्यातून दोन द्रव्यं वेगळी काढली आणि त्यांना प्रिकोसीन म्हटलं. ती काही किड्यांच्या पिल्लांना लागली की त्यांचं बालपण मधेच संपतं. वाढीच्या पायऱ्या गाळून ती थेट बुटकी प्रौढ होतात, आणि त्यांच्या माद्यांना पुढे पिल्लं होत नाहीत. आमच्या खळ्यातल्या ओसाडीतही ही द्रव्यं असतात. स्वतः अजर, आणि खायला येणाऱ्याला अकाली म्हातारं करणार. पुराणातल्या एखाद्या ऋषीला शोभावा असा शाप आहे हा.

पण माझं मन अडकलं ते मराठी नावातच. ओसाडी ओसाडात येते हे खरं आहे का? याचं बी बारीक, आणि रुजायला त्याला उजेड लागतो. उघडी, खणलेली, माणसाच्या पायाखालची माती त्याला आवडते. वाडीच्या वरच्या टोकाला एक घर आहे, वीसेक वर्षं कुलूप. चार दिवसांनी मुद्दाम तिथे जाऊन पाहिलं. कौलं बसली आहेत, जोत्याच्या चिऱ्यात पिंपळाने पाय रोवलाय, खळ्यात रानमोडी छातीपर्यंत आणि तिच्यातून किंदळाची दोन पोरं वर निघालेली. ओसाडी? शोधूनही एक काडी मिळाली नाही. सावलीत तिचं काय काम!

म्हणजे खऱ्या ओसाड जागेत ओसाडी टिकतच नाही. ती असते तिथे कोणीतरी नुकतंच माती उकरून गेलेलं असतं, किंवा अजून येतं-जातं. नाव ठेवणारा बहुधा आमच्यासारखाच कोणी, सुट्टीवर आलेला असावा. वरच्या टोकापर्यंत चढला नसेल. मी काकीला हे सांगून पाहिलं. तिने पानाची शिर काढता काढता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माणसां गेली काय रान येता. माका एवढाच ठावक."

पाचव्या दिवशी विसर्जन झालं. सहाव्या दिवशी कुलूप. निघताना खळं स्वच्छ होतं, म्हणजे माती उघडी होती, उजेड भरपूर होता आणि पाऊस अजून महिनाभर बाकी होता. ओसाडीला याहून वेगळं काय हवं असतं?

डोंबिवलीत आल्यावर चपलांचा लाल चिखल बायकोने गॅलरीत तुळशीच्या कुंडीवर झटकला. गावची माती, वाया कशाला घालवायची. परवा कुंडीत तुळशीच्या बुंध्याशी दोन लवदार पानं दिसली. मी चुरगळून वास घेतला.

"काय आहे ते?" तिने आतून विचारलं.

"रान," मी म्हटलं.