ओरिजिनल सोडून कॉपी का ऐकता? तुम्ही विचारलंत म्हणून

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, आणि जरा सविस्तरच सांगतो, कारण हा प्रश्न मला सतत येतो, ऑफिसात कुणी माझ्या फोनवरची प्लेलिस्ट बघितली की येतो, घरी पाहुणे आले आणि रेकॉर्ड चाळायला लागले की येतो, आणि विचारणारी मंडळी बहुतेक स्वतः गाण्यातली दर्दी असतात. प्रश्न असा, की व्हाइट स्ट्राइप्स, डर्टबॉम्ब्स, ब्लॅक कीज वगैरे जे गॅरेज रॉक रिव्हायव्हलवाले, म्हणजे साठच्या दशकातलं रांगडं रॉक पुन्हा जिवंत करणारे, बँड आहेत ते सगळं जुनंच परत वाजवतात, तीच फाटक्या आवाजाची गिटार, तेच कोंदट रेकॉर्डिंग, कित्येकदा गाणीही तीच, मग कॉपी कशाला ऐकायची, ओरिजिनल का नाही?

ओरिजिनल ऐकतोच की! पण त्यातल्या बऱ्याच जणांच्या दारापर्यंत मला याच बँड्सनी आणून सोडलं, आणि काम तेवढंच असतं तर पोचल्यावर यांना ऐकणं मी बंद केलं असतं. नाही केलं, कारण यांच्यातले जे चांगले आहेत ते आपल्या गुरूचं नाव कव्हरवर छापतात, त्याचं देणं चारचौघांत फेडतात, आणि फेडता फेडता असं काहीतरी वाजवून जातात जे त्या गुरूनेही वाजवलेलं नसतं.

आधी हे ओरिजिनल म्हणजे नक्की कोण ते बघू. १९६४ मध्ये बीटल्स अमेरिकेत गेले आणि तिकडे गल्लोगल्ली शाळकरी पोरांनी बँड काढले, घरच्या गॅरेजमध्ये प्रॅक्टिस, तीन कॉर्ड, स्वस्तातला अँप्लिफायर, झालं. ही पोरं नक्कल करत होती रोलिंग स्टोन्स आणि यार्डबर्ड्सची. स्टोन्स आणि यार्डबर्ड्स लंडनमध्ये बसून नक्कल करत होते शिकागोच्या मडी वॉटर्सची आणि बो डिडलीची. म्हणजे अमेरिकेतलाच माल समुद्र ओलांडून गेला आणि परत आला, आणि जाता येता जो काही बदलला, त्या बदललेल्या आवाजाला आपण आज गॅरेज रॉक म्हणतो. १९७२ मध्ये लेनी के नावाच्या माणसाने, जो पुढे पंक गायिका पॅटी स्मिथचा गिटारिस्ट झाला, अशा विसरलेल्या बँड्सची २७ गाणी गोळा करून 'नगेट्स' नावाचा डबल अल्बम काढला आणि त्यानंतरचं सगळं रिव्हायव्हल कुठे ना कुठे त्या अल्बमपाशी येऊन पोचतं. आपल्याकडेही हे झालंय बरं का, इम्पिरियल टोबॅकोने भरवलेल्या सिमला बीट कॉन्टेस्टच्या १९७० आणि ७१ च्या एलपी आहेत, त्यात देशभरातल्या कॉलेजच्या वयाच्या पोरांचे बँड असेच तिकडच्या रेकॉर्ड ऐकून ऐकून शिकलेलं वाजवतायत, आणि काय जीव ओतून वाजवतायत, ऐकाच कधीतरी. तर या सगळ्यात ओरिजिनलवर बोट ठेवायला गेलात की ते एक पायरी मागे सरकतं, मडी वॉटर्सपाशी थांबावं म्हटलं तर तोही सन हाऊसला बघून बघून शिकलेला.

आता सन हाऊसवर मी थांबणार आहे, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर याच माणसात आहे.

मिसिसिपीचा माणूस, ऐन तारुण्यात प्रीचर होता, मग ब्लूजकडे, म्हणजे काळ्या अमेरिकन लोकांच्या दुःखाच्या गाण्यांकडे, वळला, १९३० मध्ये पॅरामाउंट कंपनीसाठी काही गाणी रेकॉर्ड केली, ती फारशी खपली नाहीत. पुढे लोकगीतं गोळा करत फिरणाऱ्या ॲलन लोमॅक्सने त्याचं रेकॉर्डिंग केलं, मग हा उत्तरेला न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला निघून गेला, रेल्वेत नोकरी केली आणि हळूहळू गिटार सुटलीच. १९६४ मध्ये ब्लूजने झपाटलेले तीन तरुण त्याला शोधत शोधत रॉचेस्टरला पोचले तेव्हा याने कित्येक वर्षांत गिटार वाजवलेली नव्हती आणि स्वतःचीच गाणी विसरला होता. मग ॲलन विल्सन नावाचा एक पोरगा, विशीतला, जो पुढे कॅन्ड हीट बँडमध्ये गेला, त्याच्यासमोर बसला आणि जुन्या रेकॉर्डवरून जे शिकला होता ते त्याला वाजवून दाखवलं, की तुम्ही हे गाणं असं वाजवायचात, आणि ते असं. सन हाऊसला सन हाऊस शिकवला तो एका नक्कल करणाऱ्याने! पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, कोलंबियासाठी जो अल्बम झाला त्यातलं 'डेथ लेटर' आज लोक थोर ब्लूज म्हणून ऐकतात, आणि दोन गाण्यांवर तो विल्सन स्वतः साथीला आहे. या अल्बममध्ये ओरिजिनल कुठे संपतं आणि कॉपी कुठे सुरू होते ते मला खरंच कुणी दाखवून द्यावं.

हाच सन हाऊस म्हातारपणी डेट्रॉईटला राहायला गेला आणि १९८८ मध्ये तिथेच वारला. तेव्हा त्याच शहरात जॅक व्हाइट नावाचा मुलगा तेरा वर्षांचा होता. अकरा वर्षांनी, १९९९ मध्ये, जॅक आणि मेग व्हाइट या दोघांच्याच बँडचा, व्हाइट स्ट्राइप्सचा, पहिला अल्बम आला तो सन हाऊसला अर्पण केलेला. दुसरा २००० मध्ये, अर्पण जुना ब्लूज गायक ब्लाइंड विली मॅक्टेलला आणि गेरिट रिटफेल्ड या डच डिझायनरला. हा दुसरा अल्बम जॅकच्या घरच्या हॉलमध्ये टेपवर रेकॉर्ड झालाय आणि त्यात यांचं 'डेथ लेटर' आहे.

दोन्ही पाठोपाठ ऐका, घाई न करता. गाण्यातली गोष्ट अशी, की सकाळी पत्र येतं, तुझी बाई गेली म्हणून, हा धावत जातो आणि तिला फळीवर ठेवलेली बघतो. सन हाऊस ते एकटा गातो, धातूची रेझोनेटर गिटार, बोटात स्लाइड, म्हणजे तारांवर सरकवायची नळी, ती स्लाइड तारांवर इतक्या जोरात येते की खणखणाट होतो, आणि उजवा हात तारा छेडत नाही तर बडवतो, ताल गिटारमधूनच निघतो. व्हाइट स्ट्राइप्सच्या गाण्यात बास गिटार नाही, तिसरा माणूसच नाही, जॅकची स्लाइड इलेक्ट्रिक गिटारवर किंचाळते आणि खाली मेगचा ड्रम एकच साधा ठोका धरून चालत राहतो. मेगला वाजवता येत नाही असं म्हणणारे खूप भेटतात, माझ्याशी वाद घालतात, त्यांना मी हे गाणं लावून देतो. सन हाऊसचा जो बडवणारा उजवा हात होता तो इथे मेगच्या हातात आलाय, एक सफाईदार ड्रमर तिथे बसवा आणि गाणं गेलंच म्हणून समजा. जॅकने सन हाऊसची स्लाइड हुबेहूब वाजवायचा प्रयत्न केलेला नाही, त्याचा आवाज वरच्या पट्टीतला, चिरका, त्या आवाजात म्हाताऱ्या प्रीचरचं वजन येणार नाही हे त्याला माहीत होतं, म्हणून तो दुःखाऐवजी घाबरलेपण गातो. पत्र हातात पडल्यावर जी पाचावर धारण बसते ना, ती याच्यात आहे, सन हाऊसच्यात नाही, सन हाऊस ते सगळं सोसून झालेला माणूस आहे. मला दोन्ही लागतात.

आणि २००४ च्या ग्रॅमी सोहळ्यात, जिथे सगळं जग व्हाइट स्ट्राइप्सचं 'सेव्हन नेशन आर्मी' ऐकायला बसलेलं, तिथे यांनी ते वाजवता वाजवता मध्येच 'डेथ लेटर' सुरू केलं. मिळालेल्या मोजक्या मिनिटांतली काही आपल्या हिरोला द्यायची, यालाच मी देणं फेडणं म्हणतो.

तिसरा अल्बम, २००१ चा, लोरेटा लिनला अर्पण केला, केंटकीच्या कोळसा खाणकामगाराची मुलगी, कंट्री संगीतातलं केवढं मोठं नाव. तिला ते कळलं आणि तिने दोघांना घरी जेवायला बोलावलं. त्यातून पुढे २००४ मध्ये जॅकने तिचा 'व्हॅन लिअर रोज' प्रोड्यूस केला, सगळ्या गाण्यांचे शब्द तिचे स्वतःचे, वय ७२, आणि त्याला दोन ग्रॅमी मिळाले. अर्पणपत्रिका लिहिणं सोपं असतं हो, पण बाईंना स्टुडिओत नेऊन, त्यांचा आवाज मधोमध ठेवून, आपली गिटार त्यांच्या मागे ठेवून असा अल्बम काढायला वेगळी माया लागते.

याच्या उलट बाजूला लेड झेपेलिन ठेवतो मी. आवडता बँड आहे, पण 'होल लोटा लव्ह' मध्ये ब्लूज गीतकार विली डिक्सनचे शब्द घेतले आणि नाव स्वतःचं लावलं, १९८५ मध्ये डिक्सनला कोर्टात जावं लागलं आणि मग तडजोड झाली. वाजवलंय झेपेलिनने जबरदस्तच. पण नाव लावायला काय जात होतं?

डर्टबॉम्ब्सबद्दल लोकांना कमी माहिती असते म्हणून मुद्दाम सांगतो. मिक कॉलिन्स, डेट्रॉईटचा काळा गायक, गिटारिस्ट. १९८६ पासून त्याचा गोरीज नावाचा बँड होता, दोन गिटार, एक ड्रम, बास नाही, आणि व्हाइट स्ट्राइप्सचा रस्ता त्यांनीच आधी काढून ठेवला. डर्टबॉम्ब्समध्ये त्याने उलटं केलं, दोन ड्रमर, दोन बास, त्यातला एक फझ लावून घरघरणारा. २००१ चा 'अल्ट्राग्लाइड इन ब्लॅक' जवळजवळ सगळाच कव्हरचा, म्हणजे दुसऱ्यांची गाणी आपल्या पद्धतीने वाजवलेला, अल्बम आहे, स्टीव्ही वंडर, मार्विन गे, कर्टिस मेफिल्ड, स्मोकी रॉबिन्सन, म्हणजे ज्या सोल संगीतात तो लहानाचा मोठा झाला तेच. तोपर्यंत गॅरेज रॉक म्हटलं की गोऱ्या पोरांचं काम असं एक चित्र होऊन बसलं होतं, आणि हा माणूस आपल्या शहराची, आपल्या घरातली गाणी त्याच गोंगाटात घालून दाखवतो की हा गोंगाट मुळात कुठून आला. पुढे २०११ मध्ये त्याने डेट्रॉईट टेक्नोची गाणी घेतली, मशीनवर बनलेलं संगीत गिटार आणि ड्रमवर वाजवलं! याला कॉपी म्हणणाऱ्याने तो अल्बम ऐकलेला नाही, एवढंच म्हणेन.

ब्लॅक कीज, ओहायोतल्या ॲक्रनचे दोघे, यांनी २००६ मध्ये 'चुलाहोमा' नावाची छोटी रेकॉर्ड काढली, सगळी गाणी ज्युनियर किंब्रोची. किंब्रो १९९८ मध्ये गेला होता, मिसिसिपीच्या टेकड्यांमधला ब्लूजवाला, एकाच कॉर्डवर घोटत घोटत भान हरपायला लावायचा. त्या रेकॉर्डच्या शेवटी गाणं नाहीच, एक फोन मेसेज आहे, किंब्रोच्या बायकोचा. ती सांगते की ज्युनियर आपल्या रेकॉर्डवर जसं वाजवायचा तसं खरोखर वाजवणारे तुम्हीच. म्हातारीचा तो आवाज, फोनवरची खरखर, आणि पुढे काहीच नाही. मी ती रेकॉर्ड कधी मध्येच बंद करत नाही, तो मेसेज होईपर्यंत थांबतो. कॉपी आहे की नाही याचा निकाल द्यायचा हक्क कुणाला असेल तर तिला.

आता सगळेच असे नाहीत हे मान्य. २००१ मध्ये स्ट्रोक्सचा पहिला अल्बम गाजला आणि नंतर दोनेक वर्षं रेकॉर्ड कंपन्यांनी अरुंद पँटवाले, केस विस्कटलेले बँड भराभर उचलले, त्यातल्या कित्येकांना साठच्या दशकाचे फक्त कपडे आवडले होते. ते मी ऐकत नाही. स्ट्रोक्स मात्र प्रामाणिक, 'लास्ट नाइट' ची सुरुवात टॉम पेटीच्या 'अमेरिकन गर्ल' वरून घेतली हे त्यांनी सरळ कबूल केलं, पेटीलाही राग नाही आला, उलट हसायला आलं, आणि २००६ च्या त्याच्या टूरवर काही शोच्या आधी स्ट्रोक्स वाजवायला होते.

आणि सॉनिक्स. वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमाचा बँड, १९६५ चा पहिला अल्बम, इतका कर्कश की रेकॉर्डिंगच्या मीटरच्या सुया लाल रेषेच्या पार. दुसऱ्या अल्बमच्या वेळी स्टुडिओच्या भिंतींवरचं आवाज शोषणारं अस्तर यांनी ओरबाडून काढलं होतं. मग बँड मोडला, सगळे आपापल्या नोकरीधंद्याला लागले. चार दशकं उलटल्यावर, २००७ मध्ये, ब्रुकलिनच्या एका गॅरेज रॉक फेस्टिव्हलने त्यांना पुन्हा स्टेजवर आणलं, आणि २०१५ मध्ये नवा अल्बम आला, मोनोमध्ये, प्रोड्यूसर डेट्रॉईटचा जिम डायमंड, तोच जो डर्टबॉम्ब्समध्ये बास वाजवायचा आणि व्हाइट स्ट्राइप्सच्या सुरुवातीच्या रेकॉर्डिंगवर होता. सॉनिक्सच्या रेकॉर्ड ऐकून जो आवाज ही पुढची पिढी शिकली तोच तिने सत्तरीतल्या त्या लोकांना परत काढून दिला, आणि त्यांचा गायक गेरी रॉस्ली याची किंकाळी त्या वयातही अंगावर येते.

तर तुम्हाला सुरुवात करायची असेल तर सन हाऊसचा १९६५ चा अल्बम आधी लावा, त्यात 'ग्रिनिन इन युअर फेस' आहे, नुसता आवाज आणि टाळ्या, त्याही मध्येच तालातून निसटणाऱ्या, आणि जॅक व्हाइट हे आपलं सगळ्यात आवडतं गाणं म्हणून सांगतो. मग व्हाइट स्ट्राइप्सचा २००० वाला. मग 'अल्ट्राग्लाइड इन ब्लॅक', आणि तो जरा मोठ्या आवाजात, कारण हळू लावला तर दुसरा बास ऐकूच येत नाही.