तुम्ही विचारलंत म्हणून: टीबीचा जंतू एवढा चिवट का?

‘ताई, रोज दोनदा औषध टाकून फरशी पुसते, सासऱ्यांची भांडी उकळते, तरी हा जंतू मरत कसा नाही हो?’ सांगलीत आमच्या लॅबच्या खिडकीशी थुंकीची डबी देताना कुणी ना कुणी हे विचारतंच. मागे रांग असते, मग मी ‘मरतो, पण गोळ्यांनी’ एवढंच म्हणते. आज जरा ऐसपैस सांगते.

माझं माहेर तासगावकडचं. बेदाण्याच्या शेडवर वाढलेल्या पोरांनाही ठाऊक असतं की द्राक्ष नुसतं रॅकवर टाकलं तर लवकर वाळत नाही. सालीवर मेणाचा पातळ थर असतो, तो आतलं पाणी धरून ठेवतो. म्हणून घड आधी कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढायचे. टीबीचा जंतू मला त्या द्राक्षासारखा वाटतो. फक्त याचं मेण बाहेरचं आत शिरू देत नाही.

हे मेण म्हणजे मायकोलिक आम्लं. आपल्या खायच्या तेलातल्या आम्लांच्या साखळीत बहुतेक सोळा-अठरा कार्बन अणू असतात. याच्या साखळीत साठ ते नव्वद. त्याखाली साखरेच्या रेणूंची जाळी, तिच्याखाली नेहमीची जिवाणूभिंत. पाण्यात विरघळणाऱ्या औषधाला आत जायला वाटा थोड्या आणि अरुंद. पेनिसिलिन कसंबसं शिरलंच, तर त्याचे तुकडे करणारं विकर आत तयार असतं. फरशीच्या कित्येक औषधांत क्वाटर्नरी अमोनियम असतं. साधे जंतू त्यानं मरतात, याला ते सहसा पुरत नाही.

पण त्याच मेणानं तो पकडला जातो! स्लाइडवर तांबडा कार्बोल फुक्सिन ओतायचा, खालून वाफ निघेपर्यंत तापवायचं (उकळू द्यायचं नाही, नवी पोरं हमखास उकळवतात). ऊब मिळाली की रंग मेणातून आत जातो. मग पंचवीस टक्के सल्फ्युरिक ॲसिड. बाकी सगळ्यांचा रंग धुऊन जातो, याचा जात नाही. वरून मिथिलीन ब्लू दिला की निळ्यावर तांबड्या काड्या दिसतात. रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरनं १८८२ साली बर्लिनमध्ये हा जंतू जाहीर केला, आणि त्याच्या पुढच्या वर्षभरात झील आणि नील्सन यांच्या हातून ही रीत बसत गेली. ती आम्ही अजून वापरतो.

कल्चरवाले, म्हणजे नमुन्यातला जंतू वाढवून बघणारे, तर याहून पुढे. ते नमुन्यात कॉस्टिक सोडाच घालतात. बाकीचे जंतू मरतात, हा बराचसा टिकतो, मग निवांत वाढवा. निवांत म्हणजे घन माध्यमावर सहा-आठ आठवडे. कारण हा एकाचे दोन व्हायला पंधरा-वीस तास घेतो.

गोळ्यांचं कोडंही इथंच सुटतं. १९५२ पासून वापरात असलेलं आयसोनियाझिड मेण विरघळवत नाही (इथं माझा बेदाणा अपुरा पडतो), नवं मेण बनणं थांबवतं. इथॅम्ब्युटॉल साखरेच्या जाळीचं काम बंद पाडतं. पण जो जंतू स्वस्थ पडून आहे, नवी भिंत बांधतच नाही, त्याचं ही दोन औषधं काय बिघडवणार? म्हणून सोबत रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड, आणि म्हणून सहा महिने. खोकला महिन्याभरात थांबतो आणि लोक गोळ्या सोडतात, याचा मला खरंच राग येतो.

राहिली फरशी. टीबी फरशीवरून लागत नाही, भांड्यांतूनही नाही. खोकल्याबरोबर हवेतून लागतो. त्या बाईंना मी खिडक्या उघडायला सांगितलं, भांडी वेगळी ठेवू नका म्हटलं. दोन महिन्यांनी सासऱ्यांचा पुढचा नमुना घेऊन आल्या. स्लाइडवर सूक्ष्मदर्शकाखाली शंभर जागा (आमच्या भाषेत फील्ड) पाहिल्या, तांबडी काडी एकही नाही.

‘म्हणजे झालं?’

‘अजून चार महिने.’