सौताड्याच्या दरीतले खेकडे

पावसाळ्यात सौताड्याला येणारे बहुतेक लोक धबधब्यासाठी येतात. बीड-जामखेड रस्त्यालगत बालाघाटचं पठार एकदम तुटतं, विंचरणा नदी दरीत उडी घेते आणि खाली रामेश्वराचं देऊळ आहे. मी देवळापाशी थांबले नाही. गर्दी संपते तिथून पुढे, ओढ्याच्या काठाने दगडांखाली बघत निघाले. मला खेकडे बघायचे होते.

परदेशातल्या ओढ्यांचे माहितीपट पाहिले की क्रेफिश, म्हणजे गोड्या पाण्यातला नांग्यावाला, झिंग्यासारखा प्राणी भेटतो. तो मूळचा भारतातला नाही. आपल्याकडे त्याचं काम गोड्या पाण्यातला खेकडा करतो. कुजका पाला, मेलेले किडे-मासे खाऊन तो पात्र साफ ठेवतो आणि स्वतः बगळ्याच्या, मुंगसाच्या पोटात जातो.

काठावर शेळ्या चारणारे एक मामा भेटले. मी काय शोधतेय ते कळल्यावर म्हणाले, "मिरगाच्या पावसात बाहेर येतेत. तवा धरू नयेत, पोटाखाली पिल्लं असतेत."

मामांच्या या एका वाक्यात खेकड्याचं सगळं दुखणं आहे. समुद्रातली खेकडी लाखोंनी अंडी घालते आणि तिची पिल्लं लाटांबरोबर दूरवर पसरतात. ओढ्यातली मात्र मोजकी, फार तर काही शेकडा अंडी पोटाखाली सांभाळते. त्यातून थेट इवलाले खेकडेच बाहेर पडतात, तेही काही दिवस आईला चिकटून राहतात. म्हणजे एका ओढ्यातले खेकडे संपले, तर दुसऱ्या ओढ्यातून पाण्यासोबत वाहत कोणी येणार नाही. नेमक्या पहिल्या पावसात पोती भरून खेकडे धरले जातात, त्यात अशा माद्या किती जात असतील!

मराठवाड्यातला उन्हाळा तो काढतो तो काठाच्या मातीत. ओल सापडेपर्यंत बीळ खाली नेतो आणि तोंड मातीने बंद करून पडून राहतो. कल्ले ओले राहिले तर जगतो. कात टाकली की अंग मऊ असतं, तेव्हा त्याला दगडाची कपारच लागते. म्हणून त्याला नुसतं पाणी पुरत नाही. माती धरून ठेवणारा काठ आणि सुटे दगडही हवेत.

परतताना वाटेत खोलीकरण झालेला एक नाला लागला. पोकलेनने तासलेले सरळ काठ, दगड उपसून बांधावर टाकलेले, वर कपाशी. फवारलेलं औषध पावसासोबत इथेच उतरणार. तिथे मला एकही बीळ दिसलं नाही. पाण्याची गरज मी नाकारत नाही; 2016 मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते कोण विसरेल? पण 2019 मध्ये कोकणातलं तिवरे धरण फुटल्यावर खापर खेकड्यांवर फोडलं गेलं, आणि आपण मात्र त्यांची घरं यंत्राने उपसतो, याचा मला राग येतो.

जवळच्या गावात चहा घेताना सरपंचांना विचारलं, पुढच्या नाल्याचा एक काठ तसाच ठेवता येईल का? मोठे दगड पुन्हा पात्रात टाकता येतील का?

ते विचार करून म्हणाले, "दगडाचं मशीनवाल्याला सांगून बघतो ताई. काठ मात्र डोंगराकडचाच ठेवता येईल, शेताकडचा नाही."

मी म्हटलं, डोंगराकडचा तरी ठेवाच.