यांची कॉम्प्युटरवरची टेस्ट: माझा अनुभव

आमचे हे १९९९ ला कारगिलच्या युद्धात द्रासमध्ये होते. रात्री दचकून उठणं, गॅस बंद केलाय का ते चार-चारदा बघणं, पेपरातली एक बातमी पुरी न होणं, हे सगळं इतकी वर्षं 'स्वभाव' म्हणूनच घरात खपलं. हा पीटीएसडी, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनात राहिलेला आघात, आहे का ते बघायला शेवटी ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकमधून रेफरल घेतलं, ठाण्यातल्या एका हॉस्पिटलात तारीखही मिळाली.

अडलं ते टेस्टपाशी. पडद्यावर एकेक अक्षर येतं, एक्स सोडून प्रत्येकाला स्पेस बार दाबायचा, सलग १४ मिनिटं. लक्ष टिकतं का, हात आवरतो का, ते त्यातून कळतं. खोली घोडबंदर रोडच्या बाजूची, खाली ड्रिलिंग चालू. मी काचेतून बघत होते. ड्रिल सुरू झालं की यांचे खांदे वर जायचे आणि बोट बटणाच्या वर तसंच अधांतरी राहायचं. पुढच्या टेस्टमध्ये 'रेड' हा शब्द हिरव्या रंगात, आणि सांगायचा रंग. सूचनांसकट सगळं इंग्रजीत. नजर पडताच शब्द आपोआप वाचला जातो, त्याला आवर घालता येतो का, यावरच तर ती टेस्ट बेतलेली. ज्यांना इंग्रजी जुळवून वाचावं लागतं, त्यांचं काय मोजणार? रिपोर्ट आला: गती कमी, लक्ष कमी. हे एवढंच म्हणाले, "म्हणजे डोकंच गेलं माझं." माझ्या पोटात कालवलं.

टेस्ट पुन्हा घ्या म्हटलं, तर काउंटरवर एकच उत्तर: रेफरलवर एकदाच लिहिलंय. तीन आठवडे, चार फेऱ्या. शेवटी ड्रिलचं आणि इंग्रजीचं सगळं कागदावर लिहून मी थेट मानसोपचाराच्या डॉक्टरांच्या हातात दिलं. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं आणि नवीन शिफारस लिहून दिली. तुम्ही काउंटरवर दिवस घालवू नका, पहिल्याच दिवशी लेखी द्या.

नुसत्या कॉम्प्युटरवरून पीटीएसडी ठरत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. झोप नसली किंवा डोक्याला मार बसलेला असला तरी आकडे असेच खाली येतात. जवळच गोळा फुटला होता, हे यांनी त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यासमोर सांगितलं. निदान होतं ते मुलाखतीतून. सोबत पीसीएल-५ या प्रश्नावलीचे २० प्रश्न असतात, महिन्याभरात कशाचा किती त्रास झाला याला ० ते ४ गुण. ते मराठीत विचारायला सांगा.

दुसऱ्यांदा आतली शांत खोली, आधी सराव, सूचना मराठीत. बाहेर येऊन हे म्हणाले, "एक्सला दोनदाच चुकलो." मला भरून आलं. पीटीएसडी आहेच, पण आता दर गुरुवारी उपचार चालू आहेत.

आणि चष्मा न्या, चालू गोळ्यांची यादीही. आदल्या रात्री झोपेची गोळी घेतली असेल तर बसण्याआधीच सांगा.