पट्टी आणि धावपट्टी

आम्ही राहतो ते ला व्हर्न हे गाव लॉस एंजेलिसच्या पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी आहे, आणि दक्षिणेकडे त्याची वेस पोमोना शहराला लागते. पोमोनातील जत्रेच्या मैदानावर मोटारींच्या ड्रॅग शर्यती, म्हणजे सरळ पट्टीवर थोड्याच अंतराच्या भरधाव शर्यती, भरतात तेव्हा आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीची तावदाने थरथरतात. येथे राहायला आलो त्या वर्षी मी भूकंप समजून मुलीला घेऊन अंगणात धावले होते, तेव्हा कुंपणापलीकडून शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी धीर दिला आणि हा आवाज कशाचा ते समजावून सांगितले. माझी मुलगी त्यांना सरळ मराठीत ‘आजोबा’ म्हणते, म्हणून येथेही मी त्यांना आजोबाच म्हणते.

आजोबांचा जन्म १९३८ चा आणि सारे आयुष्य याच परिसरात गेलेले. त्यांच्या गॅरेजमध्ये १९३२ ची फोर्ड आहे. तिला मडगार्ड नाहीत, बॉनेटच्या बाजूचे पत्रे नाहीत, आणि टपाचे खांब तीन इंच कापून पुन्हा जोडल्यामुळे ती मान खाली घालून धावायच्या तयारीत उभी असल्यासारखी दिसते. वेगासाठी अशी बदललेली जुनी गाडी, म्हणजेच हॉट रॉड. यंदा माझे वडील तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी त्यांनी ३४ वर्षे गणित शिकवले, आणि त्यांच्या शिसवी पट्टीचा धाक त्या गावात अजून आठवला जातो. या दोघांना समोरासमोर बसवून मी मधे दुभाष्याचे काम केले, त्या काही दुपारींविषयी लिहायचे आहे.

प्रथम गाडीविषयी, कारण आजोबांची प्रत्येक आठवण गाडीपासूनच सुरू होते. फोर्ड कंपनीने १९३२ साली आठ सिलिंडरचे व्ही-आठ इंजिन सामान्य माणसाला परवडेल अशा किमतीच्या गाडीत बसवले. सुमारे ३.६ लिटरचे आणि ६५ अश्वशक्तीचे ते इंजिन होते. वीस वर्षांनी, म्हणजे आजोबा शाळकरी वयाचे होईपर्यंत, त्या गाड्या भंगारवाल्यांच्या आवारात गंजत पडल्या होत्या आणि वर्तमानपत्रे टाकून किंवा संत्र्यांच्या बागेत राबून जमवलेल्या पैशांत एखाद्या मुलाला त्यातली एक घेता येत असे. वजन कमी करण्यासाठी मडगार्ड काढायचे, सिलिंडरची झाकणे तासून दाब वाढवायचा, एका कार्ब्युरेटरच्या जागी दोन किंवा तीन बसवायचे. या इंजिनातील जळालेला वायू इंजिनाच्या ठोकळ्यातूनच बाहेर नेलेला असल्यामुळे ते लवकर तापत असे, आणि ते थंड कसे राखावे यावर मुले रात्र रात्र वाद घालीत. आसपास विमानांचे मोठे कारखाने होते, दुसऱ्या महायुद्धाहून परतलेल्या तरुणांना यंत्रे हाताळण्याची सवय झालेली होती, आणि त्यांच्याकडून हे ज्ञान धाकट्या मुलांपर्यंत गल्लीतल्या गल्लीत पोहोचले. विमानाच्या पंखाखालची इंधनाची जादा टाकी घेऊन तिच्याच आकाराची शर्यतीची गाडी बनवणारेही याच प्रदेशातले.

पळवायला जागा मात्र नव्हती. युद्धापूर्वीपासून जाणती मंडळी डोंगरापलीकडच्या वाळवंटात, म्युरॉक आणि एल मिराज येथील कोरड्या तलावांच्या सपाट तळावर गाड्या पळवीत असत आणि त्यांच्या क्लबांची संघटना १९३७ सालीच उभी राहिली होती. शाळकरी मुलांना तेवढे लांब जाणे जमत नसे, म्हणून ती रात्री गावातल्या रस्त्यांवरच एका सिग्नलपासून पुढच्या सिग्नलपर्यंत शर्यती लावीत, आणि त्यात माणसे मेली. हे सांगताना आजोबांच्या स्वरात फुशारकी नसते. आपल्या वर्गातील दोन मुले ते अजून नावानिशी आठवतात.

गाडीला सायलेन्सरच्या आधी फुटणारी एक जादा नळी असे आणि तिच्या तोंडावर झाकण असे. तलावावर गेले की झाकण काढायचे आणि गावात आले की बसवायचे, असा रिवाज होता. मुले ते झाकण नेमके शाळेसमोर काढीत. बुलेटची पुंगळी काढून कॉलेजवरून चकरा मारणारी मुले आपल्याकडे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे अधिक समजावण्याची गरज नाही. आजोबांनीही झाकण काढले आणि मुलांच्या शिस्तीचे काम पाहणाऱ्या उपमुख्याध्यापकांनी त्यांना खोलीत बोलावले.

तेथे निवड करायला सांगत असत. तीन फटके किंवा तीन दिवस शाळेबाहेर. शाळेबाहेर काढले तर घरी पत्र जाई आणि वडील गाडीची किल्ली काढून घेत, म्हणून मुले फटके निवडीत. पायांचे घोटे धरून वाकायचे आणि मागून लाकडी पॅडलचा तडाखा बसायचा. मी भाषांतर करीत होते, पण आजोबा कसे वाकायचे ते दाखवू लागताच बाबांनी मला हाताने थांबवले आणि ते म्हणाले, “अंगठे धरून. कळलं.”

मग आजोबांनी फळीवरून एक पॅडल खाली काढले. ओकच्या लाकडाचे, वल्ह्यासारखे, साधारण दोन फूट लांब. ते त्यांनी स्वतः शाळेच्या सुतारकामाच्या तासाला बनवले होते. उपमुख्याध्यापकांनी दोन पॅडल मागवली होती, त्यांतले एक कडेला चिरले म्हणून ते मुलाकडेच राहिले. त्याला नऊ भोके आहेत. भोकांमधून हवा निघून जाते आणि फटका अधिक वेगाने बसतो, असे मुलांना सांगितले गेले होते. मला या वस्तूपुढे काही क्षण बोलता येईना, कारण त्याच आठवड्यात, त्याच ड्रिल मशीनवर, आजोबांनी आपल्या गाडीच्या पुढच्या आसाला वजन घटवण्यासाठी भोके पाडली होती, आणि तो आस आमच्यासमोर, चार हातांवर, गाडीखाली दिसत होता. एकाच मुलाने एकाच हाताने पाडलेली ती भोके होती.

पोमोनाचे वेगळेपण यापुढचे आहे, आणि मी ज्या गावाच्या शेजारी राहते त्याबद्दल मला याचा मनापासून अभिमान वाटतो. १९५० साली सांता अॅना येथील विमानतळाच्या धावपट्टीवर रविवारच्या पाव मैलाच्या रीतसर शर्यती सुरू झाल्या होत्या, आणि पुढच्याच वर्षी ‘हॉट रॉड’ मासिकाचे तेव्हाचे संपादक वॉली पार्क्स यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय हॉट रॉड संघटना स्थापन झाली. पोमोनाचे तेव्हाचे पोलीसप्रमुख राल्फ पार्कर आणि त्यांचे सार्जंट बड कून्स यांनी या मुलांना नुसते पकडत राहण्याऐवजी जत्रेच्या मैदानावर त्यांना गाड्या पळवायला जागा मिळवून दिली. १९५३ च्या एप्रिलमध्ये राष्ट्रीय संघटनेची पहिली अधिकृत शर्यत तेथे भरली. पुढच्या वर्षी हेच सार्जंट कून्स आणखी तिघांना घेऊन, एका स्टेशन वॅगनमागे सामानाचा ट्रेलर जोडून, गावोगावच्या लोकांना सुरक्षित शर्यत कशी भरवावी ते शिकवत देशभर फिरले. शर्यतीआधी प्रत्येक गाडीची तपासणी होई. ब्रेक, सुकाणू, पट्टे यांतले काही सैल आढळले की गाडी परत जाई. १९५३ च्या त्या पहिल्या शर्यतीला पंधरा वर्षांचे आजोबा प्रेक्षकांत होते. पुढच्या वर्षी परवाना मिळाल्यावर स्वतःची गाडी घेऊन गेले तेव्हा सैल बोल्टमुळे दोनदा परत पाठवले गेले, आणि तिसऱ्या खेपेला ते पाव मैल धावले. “त्या दोन नकारांनी मला जे शिकवलं ते तीन फटक्यांनी नाही,” असे ते म्हणाले.

तरी पॅडलविषयी त्यांच्या मनात राग नाही. आमच्या पिढीला त्याने काही झाले नाही, असे ते सहज म्हणून जातात. माझा याला विरोध आहे, आणि तो मी त्यांच्यापुढेही मांडला. ज्यांना काही झाले नाही तेच आज गॅरेजमध्ये बसून आठवणी सांगू शकतात, आणि जे शाळा सोडून गेले त्यांची बाजू ऐकायला कोणी उरत नाही. फ्लोरिडातील एका शाळेत एका मुलाला १९७० साली पॅडलचे वीसहून अधिक फटके मारले गेले. तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि क्रूर शिक्षेपासून संरक्षण देणारे घटनेचे कलम शाळेतील माराला लागू होत नाही, असा निकाल न्यायालयाने १९७७ साली पाच विरुद्ध चार मतांनी दिला. कॅलिफोर्नियाने हा मार १९८६ च्या कायद्याने बंद केला, परंतु टेक्सससह अनेक राज्यांत तो आजही कायदेशीर आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने भारतात शाळेतील शारीरिक शिक्षेला बंदी घातली हे ऐकून आजोबांना आश्चर्य वाटले. बाबा तेव्हा निवृत्त झालेले होते.

शेवटच्या दुपारी बाबांनी एकच प्रश्न विचारायला सांगितला. “त्यांना विचार, त्यांच्या शिक्षकांपैकी ही गाडी कोणी पाहिली होती का?”

आजोबांनी थोडा विचार केला. मोटारदुरुस्ती शिकवणाऱ्या शिक्षकांनी पाहिली होती, ते शनिवारी येऊन गाडीखाली झोपतही असत. उपमुख्याध्यापकांनी कधीच पाहिली नाही, त्यांनी फक्त आवाज ऐकला होता.

मी हे मराठीत सांगितले आणि बाबा बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी मला जे सांगितले ते मी पूर्वी कधी ऐकले नव्हते, आणि त्याचे भाषांतर करू नकोस असेही ते म्हणाले, पण येथे लिहायला त्यांची परवानगी मी घेतली आहे. १९८३ साली दहावीतला एक मुलगा पुंगळी काढलेली लुना घेऊन शाळेच्या आवारात आला होता. बाबांनी त्याच्या तळहातावर दहा पट्ट्या मारल्या आणि दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत आला नाही. भंगारात पडलेली ती लुना त्याने एकट्याने, एकेक भाग सोडवून आणि घासून, चालू केली होती, हे शाळेच्या शिपायाने बाबांना पुढच्या महिन्यात सांगितले.

“मी ती गाडी बघितलीच नव्हती गं,” बाबा म्हणाले.

मग ते उठले. फळीवरच्या पॅडलकडे त्यांनी पाहिले नाही. ते फोर्डजवळ गेले, पाठीमागे हात बांधून उभे राहिले आणि बॉनेट उघडता येईल का असे त्यांनी खुणेनेच विचारले. आजोबांनी बॉनेट वर केले. बाबांनी खिशातून चष्मा काढून लावला, वाकून पाहिले आणि मला म्हणाले, “हे काय आहे ते विचार, आणि हे इथे का बसवलंय तेही.” त्यानंतर त्यांनी एकेका भागाचे नाव विचारले, एकेका भोकाचे कारण विचारले, आणि दिवे लागेपर्यंत मी भाषांतर करीत राहिले.