खांद्यातली सुई

तुमच्याकडे महाराष्ट्रात संक्रांत म्हणजे तिळगूळ. इथे बडोद्यात 14 आणि 15 जानेवारीला अख्खं शहर गच्चीवर पतंग उडवत असतं. यंदा दोन दिवस मांजा खेचला आणि माझा उजवा खांदा धरला. वेणी घालायला हात मागे जाईना, त्या कुशीवर झोपवेना.

दुखत होतं खांद्याच्या पुढच्या बाजूला. दांडिया बाजारातल्या आमच्या फिजिओने, बडोद्यातच वाढलेल्या मराठी मुलीने, बोट ठेवलं मागे, खवाट्यावर. दाबल्याबरोबर तीच ओळखीची कळ पुढे उमटली. "काकू, हा इन्फ्रास्पायनेटस, खवाट्यावरचा स्नायू. गाठ इथे आहे, दुखणं पुढे जाणवतंय. आता हात ढिला सोडा."

मग तिने सुई काढली. या उपचाराला ड्राय नीडलिंग म्हणतात, म्हणजे कोरडी सुई टोचणं. ही सुई बारीक आणि भरीव असते, तिच्यातून औषध जात नाही. ॲक्युपंक्चरसारखीच दिसते, पण टोचायची जागा ठरते ती स्नायूतल्या गाठी चाचपून. अशा गाठींचा अभ्यास अमेरिकेत डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांनी केला. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या डॉक्टर त्या. औषधाशिवाय नुसत्या सुईनेही गुण येतो, हे चेक डॉक्टर कारेल लेविट यांनी 1979 मध्ये मांडलं.

टोचल्याचं फारसं कळलं नाही. सुई गाठीला लागली तसा मात्र स्नायू गळाला लागलेल्या माशासारखा फडफडला आणि खोलवर ठणका उठला. दुसऱ्या दिवशी अंग ठेचल्यासारखं दुखलं, मग हात मोकळा झाला.

पण सुईचा आराम थोड्या दिवसांचाच. तेवढ्यात व्यायाम करून घ्यायचा, खरी दुरुस्ती तिथेच होते. दाराच्या कडीला रबरी पट्टा बांधायचा, काखेत दुमडलेला टॉवेल, कोपर कमरेशी, आणि हात सावकाश बाहेर. याच दांडिया बाजारात प्रा. माणिकरावांचं जुम्मादादा व्यायाममंदिर आहे; व्यायामाची महती इथल्या जुन्या मराठी घरांना सांगावी लागत नाही.

शिकलेल्या हाताशिवाय ही सुई घेऊ नका. खांद्याखालीच फुप्फुस आहे, सुई खोल गेली तर त्याला इजा होऊ शकते. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा.

आणि मिरजेच्या वन्सं, तुम्हाला मधुमेह आहे, हात दुसऱ्याने उचलला तरी वर जात नाही म्हणता. ते फ्रोझन शोल्डर, म्हणजे सांधाच आखडलेला, असू शकतं. सुईचं नंतर बघू. आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, आणि साखरही तपासून घ्या.